पिशव्या कोण सांभाळणार?

कुठल्याही मोठ्या थीम पार्कमध्ये भर दुपारी एक चक्कर मारा आणि बाकांवर कोण बसले आहे ते मोजा. पाळण्यांच्या रांगेत मुले असतात, तरुण मुलगे असतात, बाप असतात, हल्ली कॉलेजच्या मुलीही असतात. बाकावर बाई असते. तिच्या एका बाजूला सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्या, मांडीवर खाऊची पिशवी, हातात नवऱ्याचा चष्मा आणि मोबाइल. तिकीट तिचेही पूर्ण काढलेले असते. विचारले तर म्हणते, "मला नाही आवडत, चक्कर येते." जी बाई पाळण्यात कधी बसलीच नाही, तिला चक्कर येते हे कसे कळले, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न मला आता विचारावासा वाटतो त्याला कारण घडले आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या चार बचत गटांच्या ४३ बायका एका मोठ्या पार्कमध्ये दिवसभर खेळून आल्या. मुले नाहीत, नवरे नाहीत, फक्त बायका. त्यावर बाहेरच्यांनी नाके मुरडली ती अपेक्षितच होती. पण आपल्याच काही मैत्रिणींनीही टीका केली. गटाचा पैसा चैनीवर उडवला, चळवळीने हेच करायचे का, बाजाराच्या जाळ्यात आपणच बायकांना नेऊन सोडायचे का, असे त्यांचे म्हणणे. या टीकेला बैठकांतून तोंडी उत्तरे देऊन झाली. आता लेखी देते, कारण हा प्रश्न आमच्या चार गटांपुरता नाही.

एका बापाचे बाकडे

थीम पार्क ही कल्पना ज्या जागेमुळे जगभर पसरली, त्या डिस्नेलँडची जन्मकथा मोठी बोलकी आहे. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे ते सुरू झाले. त्याचा निर्माता वॉल्ट डिस्ने सांगत असे, की सुट्टीच्या दिवशी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जाई. मुली चक्रीवर बसत आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत राही. तिथे त्याच्या मनात आले, की मुलांबरोबर मोठ्यांनाही मजा करता येईल अशी जागा का असू नये?

एक पुरुष काही सुट्ट्या बाकावर बसला, कंटाळला, आणि त्या कंटाळ्यातून एक अवाढव्य उद्योग उभा राहिला. बायका पिढ्यानपिढ्या त्याच बाकावर बसत आल्या आहेत. त्यांच्या कंटाळ्याची नोंद कुणी घेतली नाही, कारण त्याला वात्सल्य म्हणायचे असे आधीच ठरलेले होते. मोठ्यांनाही खेळता यावे म्हणून जी जागा काढली, तिथेही मोठ्यांपैकी अर्ध्या जणींच्या वाट्याला बाकडेच आले.

आपल्याकडे १९८९ साली गोराईला, खाडीपलीकडे, एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. लाँचमध्ये बसून खाडी ओलांडायची, हीच मुलांना अर्धी मजा वाटे. पुढे १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. पण नव्वदच्या दशकात मुंबईत वाढलेल्यांच्या मनात पहिले नाव एस्सेलवर्ल्डचे, आणि ते कोरले गेले टीव्हीवरच्या जाहिरातीच्या गाण्याने. त्या हिंदी गाण्यातले पोर हट्ट धरते, की मी इथेच राहणार, घरी जाणार नाही. त्यातले क्रियापद पुल्लिंगी आहे.

जाहिरातीच्या गाण्यात व्याकरण कसले शोधता, असे कुणी म्हणेल. शोधायलाच हवे. 'मी घरी जाणार नाही' हे मुलाने म्हटले तर तो हट्ट, लाडाचा. बाई हे वाक्य कधी म्हणते? आपल्या समुपदेशन केंद्रांवर बसणाऱ्या प्रत्येकीला याचे उत्तर ठाऊक आहे. मार खाऊन, कपड्यांनिशी बाहेर पडल्यावर म्हणते. मजेत असताना, 'अजून थोडा वेळ थांबू या' अशा अर्थाने हे वाक्य तिच्या तोंडी येतच नाही. चार वाजले की तिच्या डोक्यात पाणी यायची वेळ आणि कुकर सुरू झालेला असतो.

आमच्या वस्तीत आज चाळिशीत असलेल्या बायका त्या वेळी आठ-दहा वर्षांच्या होत्या. शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून त्यांनी ती जाहिरात पाहिली. भावांपैकी काही जण मित्रमंडळाच्या बसने जाऊन आले. मुलींनी धाकटी भावंडे सांभाळली, मग कामे धरली, मग लग्ने झाली. आजही वस्तीत कुठल्याही मोठ्या पार्कला 'एस्सेलवर्ल्ड'च म्हणतात. एका बैठकीत 'आपले काय राहून गेले' असा विषय निघाला. कुणाची शाळा राहिली, कुणाचा शिवणाचा क्लास राहिला, हे सांगून झाल्यावर एक मैत्रीण हळूच म्हणाली, "माझं एस्सेलवर्ल्ड राहिलं." आधी सगळ्या हसल्या. मग एकेक करत निम्म्याहून जास्त जणींनी हात वर केले.

अभ्यास नव्हे, खेळ

ठराव झाला. वर्षभर दर आठवड्याला प्रत्येकीने २० रुपये वेगळे काढायचे, कमी पडतील ते गटांच्या व्याजातून घालायचे. हे व्याज कुणाचे? याच बायकांनी घेतलेल्या कर्जावर याच बायकांनी भरलेले. तरीही बससाठी मदत मागायला गेलो तेव्हा गटांना आधार देणाऱ्या संस्थेचे हिशेबनीस म्हणाले, "सहल असं खातंच नाही आपल्याकडे. 'अभ्यास दौरा' लिहा, मग बघू." ही युक्ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बायकांना कुठे न्यायचे तर गांडूळखत प्रकल्प दाखवायचा आणि येताना वाटेत देऊळ, समुद्र उरकायचा. अहवालात फक्त गांडूळखत येते. पण या वेळी भाजी विकणाऱ्या एका मावशींनी अडवले. "आपण कसला अभ्यास करणार? खेळायला चाललो तर खेळायला लिहा की." कागदावर 'खेळ' लिहिले. बसचे पैसे नामंजूर झाले. बायकांनी आणखी दोन महिने पैसे साठवले.

नंतर सुट्टीचा प्रश्न. ४३ पैकी २६ जणी घरकाम करणाऱ्या. एक दिवस सुट्टी हवी म्हटल्यावर मालकिणीचा पहिला प्रश्न, कशाला? लग्न, आजारपण किंवा मयत या तीनच कारणांना सुट्टी मिळते. 'मला खेळायला जायचंय' हे कारण होऊच शकत नाही. शेवटी सात जणींनी गावाकडचे कुणी ना कुणी नातेवाईक मारले. आनंदासाठी बाहेर पडायला बाईला सुतकाचे निमित्त लागते, ही कुणाच्या खोटेपणाची गोष्ट आहे याचा विचार आपणच करायचा आहे.

घरच्या परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही, ते पुराण सगळ्यांच्या पाठ आहे. "मुलांना नेत नाही तर तू कशाला जातेस?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीला विचारला गेला. पहाटे तीनला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवल्यावरच बहुतेकींना दार उघडले गेले.

पार्कच्या दारात साडीचा प्रश्न आला. सुटे कपडे, ओढणी, साडीचा पदर यांसह वेगवान पाळण्यात बसू देत नाहीत. हा नियम खोटा नाही. २०१८ साली हरियाणात पिंजोर इथे गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुण बाईचा जीव गेला होता. सुरक्षिततेशी तडजोड नको, हे मान्यच. पण मग देशातल्या कोट्यवधी बायका रोज जे नेसतात, ते अंगावर असताना ज्यात बसता येत नाही, अशीच यंत्रे इथे का आणली जातात? तिकीट विकताना हे ठळकपणे का सांगत नाहीत? आम्ही आधी चौकशी केली होती. म्हणून लेकींचे पंजाबी ड्रेस, सुनांच्या लेगिन्स, नातींच्या ट्रॅकपँट पिशव्यांत भरून नेल्या होत्या. ६१ वर्षांच्या एक आजी जन्मात पहिल्यांदा पँट घालून उभ्या राहिल्या. त्यांना बघून रांगेजवळच्या गार्डने समजूतदारपणे सांगितले, "आजी, तुम्ही तिकडे बाकावर बसा, सावली आहे." आजी म्हणाल्या, "मी बाकाचं तिकीट नाय काढलेलं."

गळ्यातले, हातातले काढून ठेवा, असेही सांगण्यात आले. बांगड्या निघाल्या. मंगळसूत्रावर गाडी अडली. काहींनी कपड्यांच्या आत खोचून पिन लावली, तिघींनी काढून पिशवीत टाकले. त्यावर तिथल्या तिथे एक छोटी वादावादीही झाली. 'सौभाग्यलेणे' या विषयावरच्या आमच्या दोन शिबिरांत जेवढे बोलणे झाले नव्हते, तेवढे त्या रांगेत झाले.

आमच्यातल्या पाच जणी अशा पार्कमध्ये याआधी येऊन गेल्या होत्या. त्यांपैकी चौघी मालकांच्या मुलांना सांभाळायला. मुलाला पाळण्यापर्यंत न्यायचे, उतरल्यावर घ्यायचे, भरवायचे, शीशूला न्यायचे. एकीला मी विचारले, "मग तू पहिल्यांदा आलीस असं धरायचं की दुसऱ्यांदा?" ती म्हणाली, "तेव्हा कामाला आले होते. इथं आत्ता आले."

आणि ओरडणे. बाई ओरडली की वस्तीला काय समजते, आणि समजूनही वस्ती दारे कशी लावून घेते, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. ओरडू नको, हसू नको, आवाज खाली कर, हे ऐकत मोठ्या झालेल्या बायका त्या रोलर कोस्टरवर बेंबीच्या देठापासून ओरडल्या. खाली उतरल्यावर दोघी-तिघी रडल्या. एक म्हणाली, "एवढा आवाज आहे माझा, मला माहीतच नव्हतं. आणि कुणी गप्प बस म्हणालं नाही." यातून लगेच कुणाचे सक्षमीकरण झाले असा दावा मी करत नाही. अहवाल लिहायचा असता तर कदाचित तसे लिहावे लागले असते. त्या दिवशी त्यांना मजा आली. मला वाटते, एवढे कारण पुरेसे असायला हवे.

पहिला आक्षेप: ही चैन आहे

हिंसाचार, रेशन, पाणी, रोजगार असे मूलभूत प्रश्न असताना खेळ कशाला, असे विचारले जाते. मूलभूत काय हे कुणी ठरवले? संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४वे कलम विश्रांती आणि फुरसतीच्या हक्काचे आहे. स्त्रियांबाबतचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ सालचा करार, ज्याला आपण 'सीडॉ' म्हणतो, तो भारताने १९९३ साली मान्य केला. त्याचे १३वे कलम जरूर वाचा. त्यात तीन हक्क एकाखाली एक दिले आहेत. पहिला कौटुंबिक लाभांचा, दुसरा बँकेच्या कर्जाचा आणि पतपुरवठ्याचा, तिसरा करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा.

यातला दुसरा हक्क आपल्या देशाने फार लवकर उचलला. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि पुढच्या तीस वर्षांत बाई म्हणजे नियमित हप्ते भरणारी विश्वासू कर्जदार, अशी तिची ख्याती झाली. त्याच कलमातला तिसरा हक्क मात्र सरकारने, बँकांनी, संस्थांनी आणि आपणही बाजूला ठेवला. बाईला कर्ज हवे हे सर्वांना पटते, कारण त्या कर्जातून घर चालते. तिला खेळ हवा हे पटत नाही, कारण त्यातून कुणाचेच काही चालत नाही. ते फक्त तिचे असते.

फुरसत नसणे हा काही स्वभावदोष नाही, तो हिशेबाचा प्रश्न आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बाईचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे इतका वेळ जात होता. ती कामे करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. आणि ती करणारे होते किती? बायकांत ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१ टक्के. रोजची ही पाच तासांची पिशवी बाईच्या हातात असताना तिने पाळण्यात बसायचे कसे?

आपल्या कामगार चळवळीने फुरसतीला कधी चैन म्हटले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती आपण मोठा विजय म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण त्या रविवारी गिरणगावातल्या घरात चूल बंद राहिली का? सुट्टीचा दिवस म्हणजे बाईला दुप्पट स्वयंपाक, सगळ्यांचे कपडे आणि पाहुणे. घरकामगार बायकांना तर आजही तो रविवार मिळालेला नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण सक्तीच्या साप्ताहिक सुट्टीचा प्रश्न तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ सालचा १८९ क्रमांकाचा करार घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती देतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. खेळायला जायचे म्हणून सात नातेवाईक मारावे लागतात, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरा आक्षेप: आपल्या संस्कृतीत खेळ होतेच

मंगळागौर होती, झिम्मा-फुगडी होती, नागपंचमीला झाडाला झोका होता, मग हे यांत्रिक पाळणे कशाला, असे सांगणारे बरेच असतात. होते, आणि त्या खेळांवर माझे प्रेम आहे. पण त्यांचे नियमही आठवा. मंगळागौर नव्या नवरीची, लग्नानंतरच्या पाच वर्षांची. विधवेला तिथे स्थान नाही, न लग्न केलेल्या प्रौढ बाईला नाही. नागपंचमीचा झोका माहेरी, म्हणजे सासरहून धाडले तर. वर्षातले मोजके दिवस, घराचे किंवा गावाचे अंगण, आणि वर व्रताचे पांघरूण. खेळायची इच्छा बाईच्या अंगात किती खोल असते, याचा हे खेळ पुरावा आहेत. एवढ्या अटींतूनही तिने वाट काढली. आता अटी काढा, एवढेच म्हणणे आहे.

बाईने उगाच, विनाकारण घराबाहेर असणे आपल्या समाजाला खुपते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईच्या अभ्यासातून हेच मांडले. सार्वजनिक जागेत बाईला काहीतरी काम दाखवावे लागते, पुरुषाला नुसते उभे राहता येते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या भाड्यात बायकांना निम्मी सवलत मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. लगेच विनोद सुरू झाले, की बायका उगाच फिरायला लागल्या, देवदर्शनाच्या नावाखाली भटकतात. फिरल्या तर फिरल्या. पुरुषांनी टपरीवर काढलेल्या संध्याकाळींचा हिशेब कुणी मागितला होता का?

तिसरा आक्षेप: हा बाजार आहे

या आक्षेपाशी माझे अर्धे जुळते. खाजगी पार्क नफ्यासाठीच असते. तिकीट घरकामगार बाईच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढे. बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत, आतले परवडत नाही. महिलादिन आला की एकावर एक तिकिटाची जाहिरात होते आणि ८ मार्चची सवलत होऊन जाते. जमीन कुणाची होती, तिथे कंत्राटावर कोण राबते, हे प्रश्नही खरेच आहेत. आमच्या बायकांनी तिथल्या संडासात काम करणाऱ्या बायकांना विचारले, तुम्ही कधी बसलात का पाळण्यात? "ड्युटीवर कसं बसणार?" सुट्टीच्या दिवशी? त्या नुसत्या हसल्या.

बाजार बाईला आपणहून मोकळे करत नाही, हे इतिहासातही दिसते. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९७ साली स्टीपलचेस पार्क सुरू झाले. तिथे लाकडी घोड्यांच्या शर्यतीवरून उतरलेल्या जोडप्यांना एका रंगमंचासारख्या जागेवरून बाहेर पडावे लागे. जमिनीतून हवेचे झोत सुटत, बायकांचे झगे वर उडत आणि समोर बसलेले प्रेक्षक हसत. बाईची फजिती हाच तिथला एक खेळ होता. इतिहासकार कॅथी पाइस यांनी १९८६ सालच्या 'चीप अम्युझमेंट्स' या पुस्तकात त्या काळच्या न्यूयॉर्कमधल्या कामकरी मुलींच्या करमणुकीचा अभ्यास केला आहे. मजुरी इतकी कमी आणि त्यातलीही बरीच घरी द्यावी लागे. त्यामुळे करमणुकीचा खर्च पुरुषाने करायचा आणि त्याची परतफेड मुलीने या ना त्या प्रकारे करायची, अशी रीत पडली होती. स्वतःच्या खिशात पैसे नसले की बाईचा आनंदसुद्धा उधारीचा होतो.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. हे सगळे असूनही त्या मुली जात राहिल्या. कारखान्यातला आठवडा संपला की मैत्रिणींच्या घोळक्याने जात राहिल्या. १९२० साली भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत पोहोचली, पाच सेंटांत समुद्र आणि पाळणे गाठता येऊ लागले आणि गर्दी उसळली. यावरून मी एवढेच घेते, की स्वस्त वाहन, स्वतःची मजुरी आणि मोकळा दिवस या तीन गोष्टी असल्या तर गरीब बाई आपला आनंद आपण शोधते. बाजार वाईट आहे म्हणून बाईने आनंदच नाकारावा, हे तत्त्वज्ञान तिला घरात त्याग शिकवणाऱ्या तत्त्वज्ञानाहून वेगळे कसे? नाकारायचेच असेल तर आनंद फक्त तिकिटाच्या खिडकीवरच मिळतो, ही स्थिती नाकारू या.

मग करायचे काय?

पिशव्यांपासून सुरुवात करू या. आमच्या बायका पार्कमध्ये पोहोचल्या तेव्हा लॉकरचे भाडे ऐकून बेत रद्द झाला आणि ४३ जणींच्या पिशव्यांचा ढीग झाडाखाली पडला. सवयीने वयस्क बायका तिथे बसकण मारू लागल्या. तेव्हा गटाच्या सचिव बाईंनी हजेरीची वही काढून पाळ्या लावल्या. एका वेळी दोघी, अर्धा तास, घड्याळ लावून. तिशीतल्यांनाही पाळी, मलाही पाळी. संध्याकाळपर्यंत एकही बाई एका पाळीपेक्षा जास्त बसली नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही. पण घरी एका तरी माणसाने 'आता माझी पाळी' म्हणून बाईच्या हातातली पिशवी घेतल्याचे त्यांच्यापैकी फार थोड्या जणींना आठवत होते. पुढच्या बैठकीत विषय हाच निघाला, की घरात पाळ्या का लागत नाहीत? 'श्रमविभागणी' हा शब्द आम्ही शिबिरांतून दहा वर्षे समजावत होतो. वहीतल्या त्या पानाने तो समजला.

बाकीच्या मागण्या बाहेरच्यांकडे आहेत. घरकामगारांना पगारी साप्ताहिक सुट्टी हवी, कारण न विचारता. महापालिकेच्या बागांमध्ये झोपाळ्यांवर लहान मुलांपुरती मर्यादा घालणाऱ्या पाट्या आपण पाहतो. मोठ्यांचे वजन पेलतील असे झोपाळेही बसवा, साडीतल्या बाईलाही बसता येतील असे. बागेत, समुद्रकिनाऱ्यावर, जत्रेच्या मैदानात बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या हव्यात. मुंबईत २०११ सालापासून 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न लावून धरला आहे, तो फुरसतीचाही प्रश्न आहे, कारण दिवसभर पाणी न पिता कुणी खेळू शकत नाही. खाजगी पार्कांना परवाने देताना कामगार वस्त्यांतल्या गटांसाठी सवलतीचे दिवस आणि तिथे राबणाऱ्या बायकांनाही वर्षातून काही दिवस विनामूल्य प्रवेश, अशा अटी घालता येतील.

आणि एक मागणी आपल्याकडेच आहे. संस्थांनो, तुमच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षण आहे, क्षमताबांधणी आहे, अभ्यास दौरा आहे. त्यांखाली एक ओळ वाढवा. मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या वहीतही ती ओळ घाला, आठवड्याला पाच रुपयांची असली तरी चालेल. तिला उद्बोधन म्हणू नका, सक्षमीकरण म्हणू नका. 'खेळ' असे स्वच्छ अक्षरात लिहा. हिशेबनीस हरकत घेतील. त्यांना सीडॉचे १३वे कलम दाखवा, आणि कर्जाच्या ओळीवर थांबू नका, खालची ओळही वाचायला लावा.